किडनी रिजेक्शनची रक्ततपासणी आणि 1 टक्क्याची रेघ

बीड, जालना, परभणीकडचे ट्रान्सप्लांट झालेले पेशंट संभाजीनगरला फॉलोअपला येतात तेव्हा सगळ्यांचं लक्ष दोनच आकड्यांवर असतं, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) आणि टॅक्रो लेव्हल (रिजेक्शन टाळायच्या टॅक्रोलिमस गोळीचं रक्तातलं प्रमाण). पण क्रिएटिनिन बोलतंय उशिरा. आत बराच मार बसून गेल्यावर ते चढतं, आणि चढलं म्हणजे रिजेक्शनच, म्हणजे शरीर नव्या किडनीवर हल्ला करतंय, असंही नाही, मे महिन्यात पाणी कमी पडलं, जुलाब लागले, टॅक्रो जास्त झालं तरी चढतंयच. मग नक्की काय ते बघायला बायोप्सी, म्हणजे सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढायचा. तिची स्लाइड वाचायचे नियम 1991 ला कॅनडात बॅन्फच्या बैठकीत ठरले, सुधारत सुधारत तेच अजून चालू आहेत.

सुईशिवाय बघायचे प्रयत्न तसे जुने. 1998 ला दिसलं की बाईला पुरुषाची किडनी बसवली तर तिच्या रक्तात वाय क्रोमोसोमचे तुकडे फिरतात, म्हणजे डोनरचा डीएनए सापडतो. किडनीला मार बसला की तिच्या पेशींतून तो जास्त बाहेर पडतो. 2001 आणि 2013 ला लघवीतल्या पेशींच्या आरएनएवर मोठी कामं आली, पण आरएनए लवकर खराब होतो, त्यामुळे सँपल जपणं हेच अर्धं काम. पुढे सिक्वेन्सिंग स्वस्त झालं, बाई-पुरुष फरकाची गरज उरली नाही आणि डोनरच्या डीएनएची टेस्ट बाजारात आली.

खरा घोळ सुरू झाला तो 2017 च्या अमेरिकेतल्या अभ्यासानं. त्यात रेघ मारली 1 टक्क्यावर: रक्तात फिरणाऱ्या डीएनएत डोनरचा वाटा त्याच्या वर गेला तर संशय. रिजेक्शनचे मुख्य प्रकार दोन, एकात रक्तातल्या अँटिबॉडी किडनीवर हल्ला करतात, दुसऱ्यात टी-सेल या पांढऱ्या पेशी. त्याच अभ्यासात अँटिबॉडीच्या रिजेक्शनमध्ये मधला आकडा 2.9 टक्के होता, पण टी-सेलच्या हलक्या प्रकारात फक्त 0.2, आणि रिजेक्शन नसलेल्यांत 0.3! म्हणजे हलकं टी-सेल रिजेक्शन या रेघेला दिसतच नाही. रेघेच्या वर गेलेल्यांत रिजेक्शन खरं निघालं 61 टक्के वेळा. हे सगळं पेपरात लिहिलेलं असताना लोकांनी 1 टक्का हा पास-नापासचा निकाल करून टाकला, ते माझ्या मते चूकच. शिवाय टक्का हा भागाकार आहे ना, पेशंटला इन्फेक्शन झालं की त्याचा स्वतःचा डीएनए वाढतो आणि डोनरचा वाटा उगाच कमी दिसतो, म्हणून आता काहीजण टक्क्यासोबत एका मिलीलिटर रक्तद्रवात डोनरच्या डीएनएच्या किती कॉप्या आहेत तेही मोजतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत आणि बायोप्सी झाल्या झाल्या आकडा तसाही फुगलेला असतो, तेव्हा सँपल घेण्यात अर्थ नाही.

लघवीतल्या सीएक्ससीएल 9 आणि 10 या, किडनीला सूज आली की वाढणाऱ्या, प्रोटीनची टेस्ट त्यामानाने सोपी. पण 2023 ला आलेल्या ट्रायलमध्ये सीएक्ससीएल 10 वर नजर ठेवून ट्रीटमेंट बदलली तरी वर्षभरात ठोस फायदा दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत सरकारी विम्यानं डोनरच्या डीएनएसारख्या रक्ततपासण्यांच्या बिलांचे नियम आवळले आणि पेशंटच्या संघटना चिडल्या.

आपल्याकडे अजून एक भानगड. इथं डोनर बहुतेक वेळा घरचाच, त्यात आई फार वेळा. आईशी निम्मा डीएनए जुळतो, मग दोघांतला फरक दाखवणाऱ्या जागा कमी मिळतात आणि हिशोब त्याप्रमाणे बदलावा लागतो. त्यामुळे टेस्टचा फॉर्म भरताना डोनर कोण लागतो ते नातं बरोबर लिहायचं, नुसतं ‘रिलेटेड’ लिहून भागत नाही.