निधनवार्तांवरून कुलशोध (सोलापूर)

स्थानिक वृत्तपत्रांत छापून आलेल्या निधनवार्ता, पुण्यस्मरणाच्या जाहिराती आणि श्रद्धांजलीचे मजकूर जमवून, त्यांतील नावे, वये, नाती, पत्ते व व्यवसाय यांच्या आधारे घराण्याच्या मागच्या पिढ्या जुळवण्याची ही एक शोधपद्धती आहे. हेळव्याच्या, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी पिढीजात सांगत फिरणाऱ्याच्या, तोंडी असलेली वंशावळ किंवा तीर्थोपाध्यायाच्या वहीतील नामावळी यांत पूर्वजांचा क्रम तयार मिळतो, तसा तो येथे मिळत नाही. एका मृत्यूच्या दिवशी घरात कोण कोण होते, एवढीच मोजदाद निधनवार्तेतून हाती येते, आणि अशा अनेक मोजदादी शेजारी शेजारी ठेवल्यावर घराण्याचा आराखडा दिसू लागतो.

सोलापुरात या पद्धतीला विशेष उपयोग आहे, कारण शहरातील पुष्कळ कुटुंबांची मुळे शहराबाहेर आहेत. रेल्वे १८६० मध्ये सोलापुरात पोचली. मुरारजी गोकुळदास यांनी काढलेली आणि पुढे ‘जुनी मिल’ याच नावाने ओळखली गेलेली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. या गिरण्यांत आणि शहरभर पसरलेल्या हातमागांवर काम करण्यासाठी तेलंगणातून पद्मशाली विणकर, विजापूर-गुलबर्ग्याच्या बाजूने कानडी बोलणारी कुटुंबे आणि मराठवाड्याच्या दुष्काळी गावांतून शेतमजूर येत राहिले. यांतील बऱ्याच जणांचे मूळ गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते, जेथील महसुली दप्तर उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे तिकडच्या महसुली कालगणनेत, लिहिले जाई. अक्कलकोट तर सोलापूरपासून हाकेच्या अंतरावर असूनही १९४८ पर्यंत वेगळे संस्थान होते. नातवाला सोलापूरच्या कचेरीत आजोबांचा जन्म सापडत नाही, याचे कारण बहुधा कचेरीचा हलगर्जीपणा नसून या सरहद्दी असतात. मृत्यू मात्र सोलापुरात झालेला असतो, आणि म्हणून शोधाची सुरुवात मृत्यूपासून करणे सोयीचे ठरते.

एकोणिसाव्या शतकात सोलापुरातून ‘कल्पतरू आणि आनंदवृत्त’सारखी साप्ताहिके निघत. त्या काळच्या वृत्तपत्रांत निधनाची बातमी होत असे ती वकील, सावकार, इनामदार, शास्त्री किंवा नगरपालिकेचे सभासद यांची. कधीकधी मृत्यू हीच राजकीय घटना ठरे : मे १९३० मधील मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, आणि शहराच्या मध्यावरील चौक आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. जॉबर (गिरणीतील मुकादम), विडी कामगार, किराणा दुकानदार किंवा प्राथमिक शिक्षक यांचे ‘दुःखद निधन’ वृत्तपत्रांत नियमाने येऊ लागले ते स्वातंत्र्यानंतर, दैनिकांची पाने वाढल्यावर आणि गल्लोगल्ली बातमीदार झाल्यावर. म्हणून साधारण घराच्या शोधात १९५० पूर्वीच्या फायली चाळण्यात पुष्कळ वेळ जातो आणि हाती थोडे लागते.

निधनवार्तेचा साचा ठरलेला असतो, आणि त्या ठरलेपणामुळेच तिच्यातून माहिती काढता येते. नमुन्यादाखल रचलेला एक मजकूर असा : ‘साखर पेठेतील रहिवासी व जुनी मिलमधील निवृत्त जॉबर नरसय्या यांचे सोमवारी पहाटे वृद्धापकाळाने निधन झाले. मृत्यूसमयी ते ७८ वर्षांचे होते. त्यांच्या पश्चात तीन मुले, चार सुना, दोन मुली, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे. यंत्रमाग कारखानदार अमुक यांचे ते वडील होत.’ हा मजकूर १९८४ चा आहे असे धरल्यास जन्म १९०६ च्या आसपास जातो. जुनी मिल १९६३ मध्ये बंद पडली, म्हणजे तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न-अठ्ठावन्न असणार. ‘निवृत्त’ हा शब्द त्यामुळे सावधपणे वाचावा लागतो, कारण गिरणी बंद पडून घरी बसलेल्या माणसालाही मुले निवृत्तच म्हणतात. पत्नीचा उल्लेख नाही, म्हणजे ती आधी गेली असावी आणि तिच्या निधनाची बातमी मागच्या वर्षांत शोधायला हवी. मुले तीन आणि सुना चार, या विसंगतीत बहुधा एका वारलेल्या मुलाची विधवा दडलेली असते. मुलींच्या जोडीला ‘जावई’ हा शब्द नाही. तो जागेअभावी गळला असेल किंवा मुली अविवाहित असतील, आणि यांतला निर्णय एका बातमीवरून होत नाही. पतवंडांच्या उल्लेखावरून चौथी पिढी जन्मली होती एवढे निश्चित होते.

शेवटचे वाक्य मात्र सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘अमुक यांचे ते वडील होत’ किंवा ‘तमुक यांच्या त्या मातोश्री होत’ या वाक्यातून दिसते की निधनवार्ता मृताविषयी असली तरी ती हयात माणसांनी हयात माणसांसाठी दिलेली असते. कोणाच्या घरी भेटायला जायचे, हे गावाला कळावे म्हणून ती छापली जाते. त्यामुळे तिच्यातील हयात नातलगांची नावे आणि राहता पत्ता बहुधा बरोबर असतात, तर मृताचे वय, मूळ गाव आणि पूर्वायुष्य यांबाबत ती ऐकीव असते. वय तर बहुतेकदा गोळाबेरीज असते. ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद असे आकडे दिसले की पाच वर्षे इकडेतिकडे धरावीत. माहिती देणारा सहसा मोठा मुलगा नसतो, कारण तो विधीत गुंतलेला असतो. एखादा पुतण्या किंवा शेजारी कागदाच्या चिठोऱ्यावर चार ओळी लिहून वृत्तपत्राच्या कार्यालयात नेऊन देतो, आणि त्याला काकांच्या वडिलांचे नाव ठाऊक असेलच असे नाही.

सोलापुरात मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी या चार बोलींतील नावे एकाच देवनागरी स्तंभात छापली जातात, हा येथील शोधातला खरा गुंता आहे. तेलुगू रीतीनुसार घराण्याचे नाव, म्हणजे ‘इंटिपेरू’, आधी येते आणि माणसाचे नाव मागून; शाळेच्या दाखल्यात आणि वृत्तपत्रात हाच क्रम मराठी वळणाने उलटतो, तर जुन्या कागदांत तो मूळचाच राहिलेला असतो, आणि नवख्या शोधकाला ही दोन वेगळी माणसे वाटतात. नरसय्या, नर्सय्या आणि नरसिंग ही एकाच माणसाची तीन कागदांवरची नावे असू शकतात. घरात लक्ष्मम्मा म्हणून हाक मारली जाणारी बाई मतदारयादीत लक्ष्मीबाई होते. कानडी घरात तिचीच लक्ष्मव्वा होते. मृत्यूसाठी वापरलेला शब्दही समाज सांगून जातो : लिंगायत घरात ‘लिंगैक्य’, मुस्लिम घरात ‘पैगंबरवासी’, ख्रिस्ती घरात ‘ख्रिस्तवासी’, बौद्ध घरात मृताच्या नावाआधी ‘कालकथित’. पुढच्या विधीचे नावही तसेच बोलके असते; दशक्रिया, उठावणा आणि जियारत हे तीन शब्द तीन वेगळ्या घरांत नेतात. यांवरून जातीचा किंवा पोटजातीचा नेमका निष्कर्ष काढू नये, पण पुढचा दरवाजा कोणता ठोठवायचा हे कळते.

अंत्यविधीचे ठिकाण हा असाच एक उपयुक्त दुवा आहे. मोदी व रूपाभवानी या स्मशानभूमी, अक्कलकोट रस्त्यावरील पद्मशाली स्मशानभूमी, निरनिराळी कब्रस्ताने, यांतील कोणते नाव छापले आहे त्यावरून समाजाबरोबरच कुटुंब शहराच्या कोणत्या भागात राहत होते याचाही अंदाज येतो. पत्त्यांतही काळ दडलेला असतो. एकाच घराण्याच्या तीन निधनवार्तांत साखर पेठ, नंतर दत्तनगर आणि शेवटी कुंभारीचे विडी घरकुल असा प्रवास दिसला, तर वाड्यातल्या खोलीपासून स्वतःच्या घरापर्यंतची वाट समोर येते. पाणीवेस तालमीसारख्या तालमीचा, मठाचा, भजनी मंडळाचा किंवा कामगार संघटनेचा उल्लेख असेल तर तेथील जुन्या माणसांकडे विचारपूस करणे कागदांइतकेच फलदायी ठरते.

स्त्रियांच्या बाबतीत ही साधनसामग्री लंगडी आहे. ‘सौ.’ म्हणजे पती हयात, ‘गं. भा.’ म्हणजे पती आधी गेलेला, इतके एका अक्षरावरून कळते; पण नावात पतीचे नाव आणि सासरचे आडनाव असते आणि माहेर पुसलेले असते, शिवाय काही घरांत लग्नात नावही बदललेले असते. अशा वेळी निधनवार्तेपेक्षा दशक्रियेची किंवा प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात जास्त बोलते. तिच्या तळाशी ‘शोकाकुल’ म्हणून छापलेल्या नावांत भाऊ आणि भाचे आले की वेगळे आडनाव दिसते, आणि तेच बहुधा माहेर असते. बातमी फुकट असे म्हणून तिच्यात काटछाट होई. जाहिरातीला घरचे पैसे मोजत, म्हणून तिच्यात कोणाचेही नाव गाळून रुसवा ओढवून घेतला जात नसे.

तारखेचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळावा लागतो. ‘सोमवारी पहाटे’ एवढेच छापलेले असते, आणि कात्रण काढताना वृत्तपत्राचा मथळा व दिनांक कोणी कापून ठेवत नाही. पोथीत किंवा देव्हाऱ्याच्या खणात सापडलेले असे कात्रण उलटून पाहावे. मागच्या बाजूस चित्रपटगृहाची जाहिरात, बाजार समितीतील ज्वारीचे भाव, निवडणुकीचा अर्धवट मजकूर किंवा एखाद्या परीक्षेचा निकाल असतो, आणि त्यावरून वर्ष, कधी कधी महिनासुद्धा ठरवता येतो. घरात तारीख नसून तिथी लक्षात असेल तर ती तिथी कोणत्या श्राद्धाची आहे हे आधी विचारावे. वर्षश्राद्ध मृत्यूच्याच महिन्यात, पक्षात आणि तिथीला होते. पितृपंधरवड्यातील श्राद्धात तिथी मृत्यूची राहते, पण महिना आणि पक्ष हरवतात. पती हयात असताना गेलेल्या बाईचे श्राद्ध अविधवा नवमीला करतात, त्यामुळे तेथे तिथीसुद्धा हाती राहत नाही. शके सनात ७८ मिळवले की इसवी सन येते, मात्र जानेवारी ते फाल्गुन या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. निजामाच्या मुलखातील फसली सनात साधारण ५९० मिळवतात.

निधनवार्तेवरून मिळालेली तारीख पुढे दप्तराशी ताडून पाहावी लागते. सोलापूर नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली आणि १ मे १९६४ रोजी तिची महानगरपालिका झाली. शहरातील मृत्यूची नोंद तिच्या जन्म-मृत्यू विभागात शोधावी लागते. आज लागू असलेला नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, आणि त्यापूर्वीच्या नोंदी विस्कळीत असल्यामुळे अंदाजे दिवस हातात असल्याशिवाय कोणी वही उघडून देत नाही. खेड्यातील मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, पाहतात. जुन्या वह्या मोडीत असल्या तर वाचक शोधावा लागतो. घर किंवा जमीन असेल तर सिटी सर्व्हेचा उतारा आणि वारसाचा फेरफार यांत निधनवार्तेतील ‘परिवार’ नावानिशी सापडतो, आणि बातमीत नसलेल्या मुलीही येथे दिसतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील जन्मतारखेवर फार विसंबू नये, कारण पूर्वी मुलाला शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने १ जून लिहून टाकत.

फायली मिळवणे हे या कामातील सर्वांत कष्टाचे आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, तो पिवळा पडून घडीवर तुटतो, आणि बांधणीच्या आतल्या कडेला असलेला स्तंभ वाचता येत नाही; निधनवार्ता नेमक्या अशाच कडेच्या स्तंभांत टाकल्या जात. पुस्तके शासकीय ग्रंथालयांना देण्याच्या १९५४ च्या कायद्यात १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन वृत्तपत्रेही त्यात आली, त्यामुळे त्यानंतरच्या अंकांसाठी कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय येथे चौकशी करण्याला आधार आहे. जवळचा मार्ग म्हणजे दैनिकांची कार्यालये, जुनी सार्वजनिक वाचनालये आणि कात्रणे जपणारी घरे. पान सापडल्यावर केवळ बातमीचे छायाचित्र न घेता अंकाच्या मथळ्याचेही घ्यावे, नाहीतर दिनांकाचा तोच घोळ नातवंडांसाठी पुन्हा मागे राहतो.

ज्यांची निधनवार्ता छापलीच गेली नाही अशांची संख्या मोठी आहे. प्लेगच्या साथींत आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझात मेलेले लोक वृत्तपत्रात आकड्यांच्या रूपाने आले. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या पारधी, कैकाडी, टकारी आदी कुटुंबांची रोज हजेरी घेतली जाई. १९५२ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत त्यांच्या घरातील मृत्यू बातमीचा विषय झाला नाही. अशा घरांसाठी पोलीस व सेटलमेंटचे कागद आणि चर्चच्या नोंदी हीच साधने आहेत, आणि ज्या हजेरीपटाने आजोबांना गुन्हेगार ठरवले त्याच पटात त्यांचे नाव शोधावे लागते.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये राज्य शासनाने समिती नेमल्यानंतर जुन्या दप्तरांकडे वळणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. निधनवार्ता हा त्या कामी पुरावा होत नाही. पूर्वज कोणत्या गावचे, कोणत्या साली गेले आणि कोणाचे कोण, हे कळून योग्य वही मागता येणे एवढाच तिचा उपयोग आहे. अलीकडे मृत्यूची वार्ता आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि चौकातल्या फ्लेक्सवर येते. फ्लेक्स तेराव्यानंतर उतरवला जातो आणि पावसाळ्यात कोणाच्या तरी मागाच्या शेडवर ताडपत्री म्हणून अंथरला जातो.