जुन्या कॅम्पर ट्रेलरच्या भिंती आणि उष्णतारोधनाची दुरुस्ती

मोटारीमागे जोडून ओढून न्यायच्या, झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाडीला कॅम्पर ट्रेलर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि कॅनडात अशा गाड्या मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. त्यांपैकी १९५० ते १९७० च्या दशकांतील बऱ्याच गाड्या आजही हौसेने दुरुस्त करून वापरल्या जातात. या दुरुस्तीतले सर्वांत कष्टाचे काम भिंतींचे असते, कारण बाहेरून धातूची दिसणारी ही गाडी बहुधा लाकडाच्या सांगाड्यावर उभी असते.

‘स्टिक अँड टिन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत पाइनसारख्या हलक्या लाकडाच्या, पाऊण ते दीड इंच जाडीच्या रिपांचा सांगाडा असतो. त्याला आतून सुमारे तीन मिलिमीटरचे प्लायवूड आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावलेला असतो, तर मधल्या पोकळीत काचतंतूंची, म्हणजे फायबरग्लासची गादी भरलेली असते. कारखान्यात ही भिंत आतून बाहेर अशा क्रमाने तयार होई. आधी आतले प्लायवूड आणि सांगाडा जोडला जाई, मग कपाटे व बाके भिंतीच्या बाहेरच्या बाजूने स्क्रू मारून पक्की केली जात, त्यानंतर विजेच्या तारा आणि गादी बसवली जाई, आणि पत्रा सर्वांत शेवटी चढवला जाई. हा क्रम समजला की दुरुस्तीची दिशाही कळते. आतले प्लायवूड उचकटून काम सुरू केल्यास कपाटे मोडतात आणि सांगाड्याचा आधार जातो. पत्रा उतरवून बाहेरून काम केल्यास आतली मूळ मांडणी पुष्कळशी वाचते.

भिंत बिघडण्याचे मूळ कारण पाणी होय. छत आणि भिंत जिथे मिळतात ती कोपऱ्याची पट्टी, खिडक्यांच्या चौकटी आणि छताजवळचे छोटे दिवे या ठिकाणची जुनी पुट्टी वाळून तडकते व पाणी आत शिरते. ते रिपांवरून खाली उतरत भिंतीच्या तळाशी साचते, त्यामुळे गळती वर असली तरी कुजलेले लाकूड अनेकदा खाली सापडते. प्लायवूडवरचे तपकिरी डाग, पोपडे, कुबट वास आणि बोटाने दाबल्यावर दबणारी जागा ही ओलीची लक्षणे आहेत. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही, म्हणून ओलावामापक हे या कामातले अत्यंत उपयोगी साधन आहे. गळती न शोधता आतून नवे प्लायवूड ठोकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण कूज त्यामागे चालूच राहते.

पत्र्याचे पट्टे सामान्यतः खालून वर चढवलेले असतात आणि वरचा पट्टा खालच्यावर येतो, म्हणून ते वरून खाली या क्रमाने उतरवावे लागतात. एका वेळी एकच भिंत उघडावी आणि तिरके टेकू लावून गाडीचा आकार धरून ठेवावा. कुजलेली रीप कितीही ठिसूळ झाली असली तरी फेकू नये, कारण गोलाईच्या भागांसाठी नव्या लाकडावर आखणी करायला तीच नमुना ठरते. नव्या रिपा चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या घ्याव्यात. तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेले लाकूड टिकाऊ असले तरी येथे वापरू नये, कारण ओल लागताच त्यातील तांबे ॲल्युमिनियमला खाते. पत्रा परत बसवताना सांध्यांत ब्यूटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी, आणि शक्यतो स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरतात.

उष्णतारोधकाची निवड पोकळीच्या जाडीवर ठरते. फायबरग्लासचा उष्णतेला होणारा रोध, अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आर-मूल्यात (आकडा जास्त तितका रोध जास्त) सांगायचे तर, इंचाला साधारण ३ ते ४ असतो. गादी भिजली किंवा दबली की तो घटतो, शिवाय उंदरांना त्यात घरटे करायला आवडते. एक्सपीएस या पॉलिस्टायरीनच्या बंद पेशींच्या फोमचा रोध इंचाला सुमारे ५ असतो आणि तो पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे पातळ भिंतीत तो अधिक योग्य ठरतो. मात्र पीव्हीसी वेष्टनाच्या तारा त्याला थेट टेकू देऊ नयेत, कारण कालांतराने वेष्टन कडक होऊन तडकते. फवाऱ्याचा फोम फुगताना पातळ पत्र्याला पोक आणू शकतो आणि पुढची दुरुस्ती जवळपास अशक्य करतो, म्हणून तो टाळलेलाच बरा. चकचकीत मुलाम्याच्या, हवेचे बुडबुडे असलेल्या प्लॅस्टिकच्या आवरणाला समोर हवेची पोकळी नसेल तर त्याचा उपयोग नगण्य असतो.

पाणी केवळ पावसाचेच नसते. आतील हवा २० अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल तर सुमारे १२ अंशांहून थंड पृष्ठभागावर दव धरते. माणसांचा श्वास आणि गॅसची शेगडी यांतून बाहेर पडणारी वाफ थंडीच्या रात्री पत्र्याच्या आतल्या बाजूला अशीच जमते. यासाठी फोमच्या कडा सांधून घेणे आणि छतातील झरोका उघडा ठेवणे ही दोन्ही कामे आवश्यक असतात.

एअरस्ट्रीम या अमेरिकी कंपनीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत लाकडी सांगाड्याऐवजी ॲल्युमिनियमच्या बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी रिव्हेटने पत्रे जडवलेले असतात. कुजते ते मुख्यतः कवचाच्या कडेखालचे प्लायवूडचे तळ. येथे उलट आतले पत्रे काढून काम करतात, बाहेरचे सांधे आतून सीलंटने बंद करतात आणि पाइपने पाणी मारून गळती तपासल्याशिवाय भिंत मिटवत नाहीत. बरगड्यांतून थंडी थेट आत येते, म्हणून त्यांवर फोमची पट्टी चिकटवण्याची पद्धत आहे.

जुनी गादी काढताना मास्क, चष्मा आणि हातमोजे आवश्यक आहेत. काचतंतू त्वचेला व श्वसनमार्गाला बोचतात, आणि उत्तर अमेरिकेतील काही उंदरांच्या विष्ठेतून हंटाव्हायरस या धोकादायक विषाणूचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून विष्ठा कोरडी झाडू नये. जंतुनाशकाने भिजवून मगच उचलावी.