चांदरचा ब्रागांझा वाडा आणि त्याची भाटे

गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या चांदरचा ब्रागांझा वाडा पर्यटक म्युझियम म्हणून पाहतात. प्रत्यक्षात ते राहते घर आहे, खरे तर दोन घरे. पूर्वेकडे ब्रागांझा परेरा, पश्चिमेकडे मिनेझिस ब्रागांझा. घराणे एक, शाखा दोन.

गाव वाड्याहून कितीतरी जुने. चांदर म्हणजे गोव्याच्या प्राचीन भोज राजांचे चंद्रपूर. शिरोड्याला सापडलेला त्यांचा ताम्रपट इथूनच दिलेला आहे. कदंबांनीही गोपकपट्टणला राजधानी नेण्याआधी इथूनच राज्य केले. १९२९मध्ये इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी उत्खनन केले, तेव्हा शिवमंदिराचे अवशेष हाती लागले. मस्तक नसलेला नंदी त्यातलाच.

सतराव्या शतकापासून वाढत गेलेला हा वाडा पोसला तो भाटांनी, म्हणजे नारळाच्या बागायतींनी, आणि भातशेतीने. मकावची चिनी मातीची भांडी, बेल्जियमची झुंबरे, नाचाच्या दिवाणखान्यातला इटालियन संगमरवर, सगळे कुळांकडून येणाऱ्या त्याच खंडावर आले. पाहुणे झुंबराखाली रेंगाळतात. मला मात्र पश्चिमेकडचे ग्रंथालय मोलाचे वाटते. कारण तिथले धनी लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८). आडनाव पोर्तुगालच्या राजघराण्याचे, माणूस पक्का प्रजासत्ताकवादी! १९०० साली गोव्यातले पहिले पोर्तुगीज दैनिक ‘ओ हेराल्दो’ सुरू करणाऱ्यांत ते होते. १९११मध्ये त्यांनी ‘ओ देबाते’ काढले. राज्यकर्त्यांवर टीका त्यांनी राज्यकर्त्यांच्याच भाषेत केली. वसाहतींवरची पकड घट्ट करणारा पोर्तुगालच्या सालाझारचा वसाहत कायदा आला, तेव्हा जुलै १९३०मध्ये सरकारी कौन्सिलात त्यांनी गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. १९२८मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हेही चांदरचेच. पणजीच्या ‘वास्को द गामा’ संस्थेला गोवा मुक्तीनंतर मिनेझिस ब्रागांझांचे नाव मिळाले, ते उगाच नाही.

मुक्तीने घराण्याचे अर्थकारणही बदलले. १९६४चा कूळ कायदा, १९७५चा मुंडकार कायदा आणि कूळ कायद्याची १९७६ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा आणि मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला, राहत्या घराचा हक्क दिला. ते न्याय्यच होते. पण भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, खंड थांबला, जांभ्याच्या भिंती आणि कौले मात्र दर पावसाळ्यात खर्च मागतच राहिली. त्यात पोर्तुगीज नागरी कायद्याने सगळ्या मुलामुलींना वाटा. मोठ्या दुरुस्तीला किंवा विक्रीला साऱ्या वारसांची संमती हवी, आणि निम्मे वारस परदेशात. गोव्यातले कितीतरी वाडे याच पेचात मोडकळीला आले. चांदरच्या दोन्ही शाखांनी दारे उघडली. दोन्हीकडे खोल्या दाखवून झाल्या की डागडुजीसाठी देणगी मागतात, वेगवेगळी.