एकशेचोवीस की दोनशेदहा? जुनी ई-क्लास घेताना होणारी गल्लत

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत एक ओळ हमखास भेटते : ‘मर्सिडीज ई-क्लास, ई २५० डिझेल, सिंगल ओनर, टायर नवे.’ सोबत फोटो एकच, तोही मागच्या सीटचा. किंमत नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षाही कमी. मग ओळखीतल्या कुणाचा तरी मला फोन येतो, ‘घेऊ का?’ मी विचारतो, ‘पुढचे दिवे चौकोनी आहेत की गोल?’ समोरचा क्षणभर थांबतो. लाखांच्या व्यवहारात हा दिव्यांचं काय विचारतोय, असं त्याला वाटत असावं. पण त्या उत्तरावर पुढची सगळी तपासणी ठरते. दिवे चौकोनी असतील तर आधी बॉनेट उघडायचं, गोल असतील तर आधी गाडी रॅम्पवर घ्यायची.

कारण ‘ई-क्लास’ या एकाच नावाखाली नव्वदच्या दशकात आपल्याकडे दोन वेगळ्या गाड्या विकल्या गेल्या. गॅरेजमध्ये त्यांना कारखान्याच्या क्रमांकानेच ओळखतात, ‘एकशेचोवीस’ आणि ‘दोनशेदहा’. चौकोनी दिव्यांची डब्ल्यू १२४ जर्मनीत १९८४च्या अखेरीस आली, गोल दिव्यांची डब्ल्यू २१० आली १९९५मध्ये. नावाचा गोंधळही जुना आहे. पूर्वी मर्सिडीजमध्ये आकडा आधी आणि अक्षर नंतर असे, उदाहरणार्थ २३० ई. त्या ‘ई’चा अर्थ इतकाच, की इंजिनात पेट्रोल इंजेक्शनने जातं. डिझेल गाडीला नुसतं २५० डी म्हणत. १९९३मध्ये अक्षर पुढे आलं, ते गाडीच्या वर्गाचं नाव झालं आणि डिझेल गाडीही ‘ई’ झाली. म्हणजे डिकीवरचं अक्षर वाचून ना इंजिन कळतं, ना पिढी.

पुण्याचा यातला वाटा मला जवळचा वाटतो. टेल्कोबरोबर (आजची टाटा मोटर्स) भागीदारीत मर्सिडीजची भारतीय कंपनी १९९४मध्ये उभी राहिली आणि १९९५पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात एकशेचोवीस जोडली जाऊ लागली. नेमकी त्याच वर्षी युरोपात तिची जागा दोनशेदहाने घेतली. तिकडे जी निरोप घेत होती ती इकडे नवी म्हणून आली. माझ्या मते ते आपलं भाग्यच. एका फार विचारपूर्वक बांधलेल्या गाडीची शेवटची, सगळ्यात पिकलेली आवृत्ती आपल्या वाट्याला आली. दोनशेदहाही पुढे पुण्यातच जोडली गेली. चाकणचा कारखाना त्यानंतरचा, २००९चा.

आता मूळ मुद्दा. लोक दोघींना एकाच मापाने मोजतात : ‘मर्सिडीज म्हणजे पत्रा पक्का, इंजिनाला मरण नाही.’ हे वाक्य दोघींच्याही बाबतीत अर्धवट खरं आहे आणि दोघींत खरा अर्धा भाग वेगळा आहे.

एकशेचोवीसचं अंग टिकतं. दार लावल्यावर येणारा तो भरीव आवाज तीस वर्षांनीही येतो. म्हातारं होतं ते आतलं : रबर, वायरी, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. त्यातही पेट्रोलच्या ई २२०मध्ये सगळ्यात आधी पाहायची गोष्ट म्हणजे इंजिनाची वायरिंग. १९९३ ते १९९५च्या आसपासच्या मर्सिडीजमध्ये वायरींवरचं आवरण असं होतं, की ते इंजिनाच्या उष्णतेने वाळून बिस्किटासारखं चुरतं. मग उघड्या तारा एकमेकींना लागतात, गाडी मधेच झटके देते, आयडलिंगला डगमगते आणि नशीब वाईट असेल तर इंजिनाचा संगणकही जळतो. आपल्याकडच्या सुरुवातीच्या गाड्या नेमक्या या काठावर येतात. पाहायचं असं : इंजिन गार असताना कनेक्टरजवळची रबरी टोपी हलकेच मागे सारायची आणि आतली एक वायर जरा वाकवायची. आवरण लवचिक असेल तर ठीक. कण गळले तर पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. वरून काळी टेप गुंडाळलेली दिसली तर ती सोडवायला सांगा, मालकाने नाही म्हटलं तर परत या. थ्रॉटलच्या यंत्रणेतही तशाच वायरी असतात, ते बहुतेक मिस्त्री विसरतात.

डिझेलवाली एकशेचोवीस यापेक्षा सोशिक, तरी तिचीही वायरिंग नजरेखालून घालावीच. तिची वेगळी खोड आहे. तिचं इंजिन बंद करण्याचं काम व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतून हवा ओढून तयार झालेली पोकळी, करतो. नळीला कुठे चीर गेली, की चावी काढून हातात घेतली तरी इंजिन आपलं चालूच! पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. बहुतेकदा दोष एखाद्या रबरी जोडात निघतो. सेंट्रल लॉकिंगही व्हॅक्यूमवरच आहे, त्यामुळे एखादं दार लॉक होत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडे धावण्याआधी नळ्या पाहाव्यात. खिशाला खरी झळ लावणारी गोष्ट म्हणजे एसीची कूलिंग कॉइल. ती गळायला लागली की गॅस भरून आठ-पंधरा दिवस काढता येतात, पण कॉइल बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. भाग एकवेळ मिळेल, मजुरी मात्र डोळे पांढरे करते. आणि उतरवलेला डॅशबोर्ड पुन्हा न कुरकुरता बसवणारा हात मिळणं ही आणखी वेगळी गोष्ट. म्हणून टेस्ट ड्राइव्ह सकाळच्या गारव्यात घेतली तरी एसीची परीक्षा दुपारी दोनला, उन्हात उभ्या गाडीत घ्या.

स्टिअरिंगच्या बाबतीत तर घेणारे नेहमीच फसतात. एकशेचोवीसला जुन्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स आहे, दोनशेदहाला रॅक. पहिलीत मध्यावर किंचित ढिलाई जाणवते, चाक थोडं फिरवल्यावर गाडी वळायला लागते. तो तिचा स्वभाव आहे. ढिलाई वाढली असेल तर बॉक्सला ठरावीक मर्यादेत अॅडजस्टमेंट आहे. दोनशेदहात मात्र तशीच ढिलाई जाणवली तर ती झीज समजायची : बॉल जॉइंट, टाय रॉड नाहीतर रॅक. एकच लक्षण, एकीत सवय आणि दुसरीत दुखणं. आपली रोजची गाडी रॅकवाली असल्यामुळे लोक चांगल्या एकशेचोवीसला नावं ठेवून परततात, आणि दोनशेदहाची ढिलाई ‘मर्सिडीज अशीच असते’ म्हणून खपवून घेतात.

दोनशेदहाचं गणित बरोबर उलटं. तिची इंजिनं उत्तम, पण पत्र्याला गंज लागतो. युरोपात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने तिची बदनामी झाली. आपल्याकडे ते काम समुद्राची हवा करते. म्हणून मी गाडी कुणाची होती यापेक्षा कुठे उभी राहायची हे आधी विचारतो. सोलापूर-नागपूरच्या कोरड्या हवेतली गाडी आणि अलिबाग, रत्नागिरी किंवा पणजीत दहा पावसाळे काढलेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, मीटरवर किलोमीटर सारखे असले तरी.

गंज दिसतो तिथे तो फारसा धोकादायक नसतो. डिकीच्या लॉकभोवती, दारांच्या खालच्या कडेला, रबराच्या आड आणि चाकाच्या कमानीवर फोड आले असतील तर ते डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे. जीव धोक्यात घालणारा गंज पुढच्या चाकांच्या वर, आत लपतो. तिथे स्प्रिंगचं वरचं टोक ज्या वाटीत बसतं ती वाटी पत्र्याला वेल्ड केलेली असते. तिच्या सांध्यावर सीलंटचा थर असतो आणि पाणी त्या थराच्या मागे शिरून पत्रा आतून खातं. वरून सगळं ठणठणीत दिसतं आणि एखाद्या खड्ड्यात वाटी सुटते. स्प्रिंग वर घुसते, गाडीचा तो कोपरा खाली बसतो. हे पार्किंगमध्ये झालं तर नुकसान पैशांचं, घाटात झालं तर विचार करवत नाही. चाक काढून, टॉर्च लावून, सीलंटवर जिथे फुगवटा वाटेल तिथे बोथट स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहिल्याशिवाय दोनशेदहा घेऊ नये. या एका बाबतीत मी कुणाचीही भीड धरत नाही. नव्याने फासलेलं काळं अंडरकोटिंग दिसलं तर शंका दुप्पट करावी.

तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दलही एक गैरसमज पसरलेला आहे. १९९६पासून आलेल्या पाच गिअरच्या या बॉक्सचं ऑइल सुरुवातीला ‘आयुष्यभरासाठी’ म्हणून सांगितलं गेलं. त्याला तपासायची काडीही दिलेली नाही. पुढे कंपनीनेच ते बदलायला सांगितलं, पण पहिलं वाक्यच लोकांच्या डोक्यात राहिलं. एकशेचोवीसच्या चार गिअरच्या बॉक्सला काडी आहे, ऑइलचा रंग आणि जळका वास लगेच कळतो. दोनशेदहाच्या बॉक्समध्ये वायरिंग जिथून शिरतं तिथलं रबर कडक झालं की ऑइल वायरींच्या आतून चढत चढत गिअरबॉक्सच्या संगणकापर्यंत पोहोचतं. मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकून राहते. कित्येक ठिकाणी अशा वेळी ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून मोठं एस्टिमेट हातात पडतं. आधी वायरिंग शिरतं तिथला कनेक्टर पाहा. भाग लहान आहे, काम अर्ध्या दिवसाचं आहे.

दोनशेदहा सीडीआय इंजिनवाली, म्हणजे नंतरच्या डिझेलची, असेल तर बॉनेट उघडून इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर साचलाय का आणि ‘फुस्स फुस्स’ असा आवाज येतोय का, एवढं बघा. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर वेळीच बदलला तर काम थोडक्यात आटोपतं.

दोघींना सारखं लागू पडतं असं थोडंच आहे. मागच्या प्रत्येक चाकाला धरून ठेवणाऱ्या पाच लिंक आहेत, त्यांचे रबरी बुश वयाने जातात, किलोमीटरने नव्हे. प्रोपेलर शाफ्टची रबरी डिस्क आणि इंजिन माउंटिंगही तसंच. म्हणून ‘फक्त चाळीस हजार चाललीय’ हे ऐकून मला आनंद होत नाही. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाडीचं रबर उभ्या उभ्या वाळतं. त्यात आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय आणि त्या काळच्या रबरी पाइपांना त्याची सवय नाही. पेट्रोलवाली घेतली तर इंधनाचे पाइप पहिल्याच महिन्यात बदलून घ्यावेत.

कागदपत्रांत आरसीवरची मुदत पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर आरटीओत तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते विकणाऱ्याने करून द्यावं, तुम्ही नंतर करू म्हणून अंगावर घेऊ नये. आणि खरेदीला जेवढे पैसे मोजाल साधारण तेवढेच पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवा, हा माझा हिशेब. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या गाड्यांसाठीच केलीय असं वाटावं, इतके जण मसाल्याशी येऊन अडकलेले मी पाहिलेत.

परवा फोन करणाऱ्याने संध्याकाळी फोटो पाठवला. दिवे गोल होते आणि गाडी अलिबागची. रविवारी आम्ही गेलो, डावं चाक काढलं, टॉर्च मारला. डावी वाटी कोरडी, पक्की निघाली. उजवीकडे स्क्रू-ड्रायव्हर सीलंटमधून आरपार गेला. मालक वयस्कर होते, त्यांना हे खरंच ठाऊक नव्हतं. ‘अहो, मी परवाच हिच्यातून बोरघाट चढून आलो,’ असं म्हणत ते खाली वाकून बघत राहिले. आम्ही चाक परत बसवून दिलं आणि गाडी वेल्डिंग होईपर्यंत हलवू नका, असं त्यांना दोनदा सांगून निघालो.