राजकीय माहितीपट आणि तैनात सैनिकांचे मनोधैर्य

युद्ध चालू असतानाच त्या युद्धाच्या कारणांवर किंवा ते पुकारणाऱ्या सरकारवर भाष्य करणाऱ्या माहितीपटांचा आघाडीवरच्या सैनिकांवर काय परिणाम होतो, हा लष्करी मानसशास्त्रातला जुना प्रश्न आहे. सरकारी माहितीपटाने लढण्याची जिद्द वाढते का आणि विरोधी माहितीपटाने ती खचते का, अशा दोन्ही अंगांनी तो विचारला जातो. दोन्ही परिणाम सर्वसाधारण समजुतीपेक्षा बरेच कमी भरतात.

मनोधैर्याला अनेक थर असतात. शेजारच्या सोबत्यावरचा भरवसा, सेक्शन-प्लॅटून या छोट्या तुकड्यांच्या प्रमुखावरचा विश्वास, हत्याराची खात्री, झोप, जेवण, टपाल, घरी परतण्याची ठरलेली तारीख आणि सर्वांत शेवटी युद्धाच्या हेतूवरची श्रद्धा. माहितीपट बोलतो तो या शेवटच्या थराशी. गोळीबारात माणसाला जागेवर धरून ठेवतात ते पहिले. समाजशास्त्रज्ञ एडवर्ड शिल्स व मॉरिस जॅनोविट्झ यांच्या दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्यावरील १९४८ च्या अभ्यासातही हेच दिसले. छोटा गट शाबूत होता तोवर दोस्तराष्ट्रांच्या राजकीय प्रचाराचा त्या सैनिकांवर फारसा परिणाम झाला नाही.

युद्धकाळातील प्रयोग

या विषयावरचा सर्वांत भक्कम पुरावा दुसऱ्या महायुद्धातला आहे. अमेरिकी सैन्याने चित्रपट दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांच्याकडून १९४२ ते १९४५ या काळात ‘व्हाय वुई फाइट’ ही सात माहितीपटांची मालिका करवून घेतली. मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड यांच्या गटाने तिच्यातील काही भागांचा परिणाम मोजला आणि निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. ब्रिटनवरील हवाई लढाईच्या भागात, जमिनीवरची ब्रिटिश विमाने जर्मनांना का नष्ट करता आली नाहीत याचे कारण येते. ते अचूक सांगणारे सैनिक चित्रपट न पाहिलेल्यांत २१ टक्के, तर पाहिलेल्यांत ७८ टक्के होते. म्हणजे माहिती पक्की पोचली. मतांमध्ये बदल झाला तो मोजका, आणि लढण्याच्या तयारीत जवळजवळ काहीच नाही.

याच गटाचा दुसरा निष्कर्ष माहितीपट करणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. आधीच सहमत असलेल्यांवर एकतर्फी मांडणी चालते. विरोधी मताच्या श्रोत्यांवर दोन्ही बाजू मांडणे अधिक परिणाम करते. पण दोन्ही बाजू मांडत असल्याचा आव आणून एखादा ठळक मुद्दा गाळला, तर तो चटकन खटकतो. त्यांच्या प्रयोगातील, जपानविरुद्धचे युद्ध लांबेल असे सांगणाऱ्या रेडिओ कार्यक्रमात रशियाच्या संभाव्य मदतीचा उल्लेख नव्हता, आणि तेच श्रोत्यांच्या नजरेत भरले.

इराक, २००४

मायकेल मूर यांचा ‘फॅरनहाइट ९/११’ हा इराक युद्धावर टीका करणारा माहितीपट २५ जून २००४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याने सैनिकांचे मन खचेल, असा आरोप झाला. अमेरिकी लष्कराने इराकमधील सैनिकांच्या मानसिक आरोग्याच्या पाहण्या केल्या होत्या. २००३ च्या पहिल्या पाहणीत ७२ टक्के सैनिकांनी तुकडीचे मनोधैर्य कमी असल्याचे नोंदवले, तर २००४ च्या उत्तरार्धातील दुसरीत ५४ टक्क्यांनी. दरम्यान इतर बरेच काही बदलले होते, त्यामुळे चित्रपट निरुपद्रवी होता असे यावरून सिद्ध होत नाही. तो आरोपही मात्र या आकड्यांवर टिकत नाही.

सैनिकाला खरा त्रास देणाऱ्या गोष्टी त्याच्या डोळ्यांसमोर असतात. एप्रिल २००४ मध्ये सुमारे २०,००० सैनिकांची मुदत ऐनवेळी वाढवली गेली. ८ डिसेंबरला कुवेतमध्ये एका सैनिकाने संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना थेट विचारले, की गाड्यांच्या चिलखतासाठी आम्हाला भंगारातला पत्रा का धुंडाळावा लागतो? अशा उणिवांवर बोट ठेवणारा माहितीपट मात्र मनाला भिडतो, कारण तो सैनिकाच्या अनुभवाशी जुळतो.

परिणामाची आडवाट घरातून जाते. पत्नी किंवा आईवडील चित्रपट पूर्ण पाहतात आणि फोनवर विचारतात, ‘तू तिथे नेमका कशासाठी आहेस?’ सैनिकाने चित्रपट पाहिलेलाही नसतो. त्याच्यापर्यंत पोचते ती फक्त घरची काळजी.

कमांडरच्या हाती काय

अमेरिकी संरक्षण खात्याच्या २००९ च्या १३२५.०६ क्रमांकाच्या सूचनेनुसार, निष्ठा, शिस्त किंवा मनोधैर्याला स्पष्ट धोका असल्यास कमांडर तळावर प्रकाशनांचे वाटप रोखू शकतो. सरकारवर टीका आहे एवढेच कारण मात्र त्यासाठी पुरत नाही, आणि नुसते जवळ बाळगण्यावर बंदी नाही.

बंदी घातली की डिस्क हातोहात फिरते आणि वरिष्ठ काहीतरी लपवत आहेत, हा संशय चित्रपटाहून अधिक नुकसान करतो. सक्तीचे प्रदर्शन आणि त्यानंतरचे अधिकाऱ्याचे भाषण हेही तितकेच वाईट. चर्चा व्हायचीच असेल तर ती आठ-दहा जणांच्या सेक्शनमध्ये, सेक्शनप्रमुखासोबत, ऐच्छिक आणि गस्तीच्या आदल्या रात्री नसलेली अशी असावी. पक्षीय राजकारणावर प्रमुखाने मत देऊ नये. परतीची तारीख, रजा, साहित्य यांबद्दल विचारलेल्या प्रश्नांना ठोस उत्तरे द्यावीत.

मोजणी

परिणाम मोजायचा तर प्रश्नावली निनावी हवी, चित्रपट न पाहिलेला तुलनागट हवा, आणि प्रश्नांचा चित्रपटाशी संबंध आहे हे उत्तर देणाऱ्याला कळता कामा नये. एका फेरीवर थांबणे ही नेहमीची चूक. हॉवलंड यांच्या गटाने पाच दिवसांनी आणि नऊ आठवड्यांनी असे दोनदा मोजले, तेव्हा काही मतांमधला बदल उशिराच्या फेरीत वाढलेला दिसला. आजारी म्हणून नाव देणाऱ्यांची संख्या किंवा रजेवरून उशिरा परतणे हे आकडे सहज मिळतात, पण मोहिमेचा ताण वाढला तरी ते वाढतात, म्हणून एकट्याने उपयोगाचे नाहीत.