खान्देशातला न दिसणारा घाम

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घागर भरतात. पितरांच्या नावाने पाणी भरायचं, वर डांगर (खरबूज) ठेवायचं, पूजा करायची. त्याच सुमारास घरातला पिण्याचा माठही बदलतो. नवा माठ भिजून गडद होतो, हाताला गार लागतो, पण त्याच्यावरून ओघळ येत नाही. खालची पाटी कोरडी ठणठणीत असते. तरीही सकाळी काठोकाठ भरलेला माठ संध्याकाळी दोन बोटं उतरलेला दिसतो, मग कोणी तांब्या बुडवलेला असो वा नसो. त्या दोन बोटांत खान्देशच्या उन्हाळ्याचं बरंचसं विज्ञान आहे.

मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं आणि कोरड्या हवेत लगेच उडून जातं. उडायला उष्णता लागते आणि ती आतल्या पाण्यातून घेतली जाते. ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ८० किलोकॅलरी पुरतात. तेच एक लिटर पाणी अंगावरून वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. सात पटींहून जास्त. म्हणून बाहेर ४५ अंश असताना माठातलं पाणी गार राहतं. माठ जुना झाला की पाण्यातले क्षार बसून छिद्रं बुजतात आणि पाणी गार होईनासं होतं. आखाजीला नवा माठ आणण्यामागे हा अनुभव असणार, असं मला वाटतं.

माणसाचं शरीर हाच मार्ग वापरतं. स्वस्थ बसलेला माणूस जुन्या १०० वॅटच्या बल्बएवढी उष्णता तयार करतो, कष्टाचं काम करताना त्याच्या कितीतरी पट. एरवी ती त्वचेवरून हवेत निघून जाते, कारण हवा त्वचेपेक्षा थंड असते. त्वचेचं तापमान असतं ३५ अंशांच्या आसपास. हवा त्याच्या वर गेली की प्रवाह उलटतो, हवाच अंगाला तापवू लागते. भुसावळ-जळगावला एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा शरीराजवळ घाम सोडून दुसरा उपायच उरत नाही. आणि वेधशाळेचा हा आकडा पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, सावलीत मोजलेला असतो. उन्हात उभ्या माणसाला सूर्य आणि तापलेली जमीन आणखी वेगळी भाजते.

इथेच एवढं का तापतं? तापीचं खोरं सखल आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या थोडंच वर, पुणे साडेपाचशेच्या पुढे. या फरकानेच दोन-अडीच अंश वाढतात. समुद्र लांब, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, वायव्येकडून येणारं कोरडं वारं. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्यात कपाशी निघून गेलेली काळी रानं उघडी पडलेली. जमिनीत ओल असती तर उन्हाची बरीच उष्णता ती ओल उडवण्यात खर्ची पडली असती. ओलच नाही, मग माती तापते आणि माती हवेला तापवते.

आता खरा धोका सांगतो. अमळनेरकडे आमचे एक काका आहेत. दोन वर्षांपूर्वी मेमध्ये ते सकाळपासून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, वेचत होते. दुपारी एकला घरी आले ते ओट्यावर बसूनच राहिले. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाले. मी विचारलं, ‘काका, पाणी किती प्यालात?’ तर म्हणाले, ‘माले घाम बी नही उना रे.’ म्हणजे घामही आला नाही. सदरा खरंच कोरडा होता. पण निळ्या सदऱ्याच्या पाठीवर पांढऱ्या रेघा होत्या, एकात एक, आटत गेलेल्या तळ्याच्या काठांसारख्या. ते मीठ होतं. पाच तास घाम येत होता आणि कपडा ओला करायच्या आत उडत होता. मुंबईत माणूस दहा मिनिटांत निथळतो, त्यामुळे पाणी चाललंय हे त्याला कळतं. आपल्याकडे घाम त्याचं काम चोख करतो आणि खूण मागे ठेवत नाही. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर पाणी असं जाऊ शकतं. तहानही उशिरा लागते, म्हाताऱ्या माणसांना तर फारच उशिरा.

म्हणून तहानेची वाट बघू नये. शेतात असाल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावं आणि लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवावं. गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. घामाबरोबर मीठही जातं, तेव्हा तासन्‌तास नुसतं पाणी पिणंही बरोबर नाही. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने शोषलं जातं आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि तसाच अर्धा छोटा चमचा मीठ, हे जलसंजीवनीचं घरगुती प्रमाण त्यावरच आधारलेलं आहे. कैरीच्या पन्ह्यात गूळ आणि मीठ असतंच, ताकातही मीठ घालतात. खिशात कांदा ठेवल्याने मात्र उष्माघात टळत नाही. कांद्याच्या भरवशावर माणसं बाराच्या उन्हात निघतात, याची मला काळजी वाटते. डोक्याला पांढरा रुमाल, तोही भिजवून घट्ट पिळलेला, कितीतरी पट कामाचा.

उन्हाची सवय होते हेही खरं आहे. एक-दोन आठवडे रोज थोडं उन्हात काम केलं की घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. त्यामुळे लग्नासाठी पुण्याहून थेट येऊन भर दुपारी वरातीत नाचणाऱ्या भाच्याला गावातल्या गड्यापेक्षा धोका जास्त. सवय थंड गावी राहिलं की जाते, लहानपण इथे गेलेलं असलं तरी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

केळीकडे पाहिलं की हेच सगळं दिसतं. रावेर-यावलच्या बागेत दुपारी उभं राहा. केळीचं पान मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंनी खाली मिटलेलं असतं, छपरासारखं, म्हणजे ऊन अंगावर कमी यावं. एवढ्या मोठ्या पानातून सारखं पाणी उडत असतं आणि त्यानेच ते थंड राहतं. गरम वारं सुटलं आणि मुळांना पुरवठा झेपेना की पान आपली छिद्रं बंद करतं. पाणी वाचतं, पण थंडावा संपतो आणि पान करपतं. म्हणून शेतकरी बागेच्या कडेला शेवरी किंवा उंच गवत लावून वारं अडवतात, घडांवर वाळली पानं बांधतात.

घरातला कूलर म्हणजे पंखा लावलेला माठ. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २४ अंशांच्या आसपास उतरतो. कूलर तिथपर्यंत पोचत नाही, पण पुष्कळ जवळ जातो. फक्त ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी. दारं-खिडक्या लावून कूलर चालवणारे पुष्कळ, आणि मग ‘हवा लागत नाही’ म्हणून तक्रार. नुसता पंखा चाळीसच्या पुढच्या कोरड्या हवेत अंगावर गरम वारंच मारतो. ओला पंचा अंगावर घेतला तर तोच पंखा उपयोगी.

दुपार अशी निभते. हल्ली अवघड झाली आहे ती रात्र. जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराच्या दीड-दोन फुटी मातीच्या भिंतींतून दुपारची उष्णता आत यायला दहा-बारा तास लागत, तोवर बाहेर गार झालेलं असे आणि माणसं धाब्यावर उघड्या आभाळाखाली झोपत. पाच इंची स्लॅबमधून ती तीन-चार तासांत खाली येते आणि झोपायच्या वेळीही छत तापलेलंच असतं. दिवसभर शिणलेल्या शरीराला रात्री उतार मिळाला नाही, तर दुसरा दिवस आधीच तापलेल्या अंगाने सुरू होतो. स्लॅबला चुन्याचा पांढरा हात दिला तर बरंच ऊन परत फिरतं. खर्च थोडा, फरक पहिल्याच रात्री कळतो.

माणूस उन्हात बरळायला लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर उष्माघात समजावा. अंगाला घाम असला तरीही. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे चालत नाही. तापात मेंदू स्वतःच तापमान वर नेतो आणि गोळी त्याला खाली आणते, उष्माघातात मेंदूचा ताबाच सुटलेला असतो.

काका त्या दिवशी मीठ-साखरेच्या पाण्यावर आणि ओल्या पंच्यावर संध्याकाळपर्यंत सावरले. आता ते पहाटे पाचला शेतात जातात, दहाला परततात, बांधावरच्या निंबाला पाण्याची कॅन टांगलेली असते.

मृगाच्या आसपास एका सकाळी माठाखालची पाटी ओली दिसते. पाणी पाझरतं, पण हवेत ओल आल्यामुळे उडत नाही. पारा ३८ वर आलेला असतो, पण आर्द्रता ६० टक्के झाली तर ओल्या फडक्यातला तापमापक ३१ च्या खाली उतरत नाही. म्हणजे मेच्या ४५ अंशांपेक्षा अंगाला हे जड. कूलर चिकट वारं देऊ लागतो, तो बंद करून नुसता पंखा लावायचा. काकांचा सदरा त्या आठवड्यात पाठीला चिकटतो, आणि त्यावर पांढऱ्या रेघा उमटत नाहीत.