डेंग्यू : साठवलेल्या पाण्याचा आजार

गणपती जाऊन पितृपंधरवडा लागला की घरोघरच्या फोनवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "प्लेटलेट किती आहेत?" कुणाचा भाचा ॲडमिट असतो, कुणाच्या सोसायटीतली मुलगी. सकाळचा आकडा एक लाख दहा हजार, संध्याकाळचा ऐंशी हजार, आणि तो आकडा व्हॉट्सॲपवरून सगळ्या नातलगांत फिरतो. कुणी पपईच्या पानांचा रस काढून पाठवतं, कुणी किवीसाठी मंडई पालथी घालतं, कुणी रक्तपेढीच्या बाकावर रात्र काढतं. ही धावपळ मायेपोटी असते, तिला कुणी हसू नये. पण डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट घटल्यामुळे नव्हे, तर रक्तातलं पाणी केशवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर झिरपून गेल्यामुळे. हे डॉक्टरांनाही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमगलं. घरात साठवलेलं पाणी आणि शरीरात झिरपणारं पाणी, या दोन पाण्यांभोवतीच या आजाराचा इतिहास फिरत आला आहे.

सुरुवात डासापासून करायला हवी. एडिस इजिप्ती मूळचा आफ्रिकेतल्या जंगलांचा. झाडांच्या ढोलीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात त्याची पैदास व्हायची आणि जंगली प्राण्यांच्या रक्तावर त्याचं भागायचं. जिथे कोरडे महिने लांबले आणि ढोल्या आटल्या, तिथे पाणी उरलं ते माणसाच्या घरातल्या मडक्यांत. त्या मडक्यांच्या मागोमाग हा डास घरात शिरला आणि माणसाच्या रक्ताला चटावला. पुढे गुलामांना नेणाऱ्या जहाजांवरच्या पिंपांतून तो अमेरिका खंडात पोचला, आणि नंतर आशियातल्या बंदरांत.

त्याच्या एका सवयीकडे नीट पाहिलं तर निम्मा डेंग्यू समजतो. मादी अंडी घालते ती पाण्यात नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती चिकटवते. भांडं कोरडं पडलं तरी अंडी कित्येक महिने तग धरतात, आणि पाणी पुन्हा वर चढलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आपल्याकडच्या उकाड्यात साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, पिंप नुसतं ओतू नका तर आतून घासा, असं आरोग्य कर्मचारी सांगतात ते याच हिशेबाने. हा डास दिवसाउजेडी चावतो आणि फार लांब उडत नाही. बहुतेक डासांचं आयुष्य शे-दोनशे मीटरच्या आतच सरतं. आपल्याला चावलेला डास बहुधा आपल्याच घरी किंवा शेजाऱ्याकडे जन्मलेला असतो. हे ऐकायला जड जातं, कारण डास म्हटलं की आपलं बोट आधी गटाराकडे वळतं.

आजाराचं जुनं वर्णन शोधू लागलं की १७८० सालात जाऊन पोचतो. त्या वर्षी फिलाडेल्फियात आलेल्या तापाची नोंद बेंजामिन रश या डॉक्टरने करून ठेवली. रुग्ण त्याला हाडं मोडणारा ताप म्हणत. आपल्याकडचा 'हाडमोड्या ताप' हा शब्दही तीच वेदना सांगतो. कोलकात्यात १८२४ मध्ये अशीच साथ आली. १८७०च्या सुमारास झांझिबारहून निघालेली साथ एडनमार्गे मुंबई बंदरात उतरली आणि हिंदुस्थानभर पसरली. मात्र या जुन्या नोंदींवर डोळे मिटून विसंबता येत नाही. सांधे धरून ठेवणारा चिकुनगुन्याही याच डासामुळे होतो, आणि झांझिबारची ती साथ खरं तर चिकुनगुन्याची असावी, असं डोनाल्ड केरी या संशोधकाने १९७१ मध्ये साधार मांडलं. या दोन आजारांची गल्लत आजही होते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ मध्ये चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं हा आजार जणू विसरला गेला आणि २००५-०६ मध्ये परतला, तेव्हा अनेक गावांनी आधी त्याला डेंग्यूच समजलं.

डास आणि ताप यांचा धागा ऑस्ट्रेलियात थॉमस बँक्रॉफ्टने १९०६ मध्ये जोडला. पुढच्याच वर्षी मनिलात ॲशबर्न आणि क्रेग या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी दाखवलं की रुग्णाचं रक्त जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं तरी त्यातला रोग जात नाही. म्हणजे कारण जिवाणूहून लहान आहे. तो विषाणू हाती यायला दुसरं महायुद्ध उजाडलं. १९४३ मध्ये नागासाकीत किमुरा आणि होट्टा यांनी तो वेगळा केला. पुढच्या वर्षी अल्बर्ट सेबिन यांनीही तेच साधलं. कोलकाता, न्यू गिनी आणि हवाई इथल्या आजारी अमेरिकी सैनिकांचं रक्त त्यांनी वापरलं होतं. पोलिओची तोंडी लस देणारे सेबिन ते हेच. विषाणू एका प्रकारचा नाही, हे त्यांच्याच लक्षात आलं. एकदा झालेल्या प्रकारापासून संरक्षण आयुष्यभर टिकतं, पण दुसऱ्या प्रकारापासून जेमतेम काही महिने. १९५६ पर्यंत चार प्रकार हाती आले.

तोवर डेंग्यू म्हणजे हाडं खिळखिळी करणारा पण सहसा जीव न घेणारा ताप, अशीच समजूत होती. १९५३-५४ मध्ये मनिलात आणि १९५८ मध्ये बँकॉकमध्ये ती मोडली. लहान मुलं तापाने आजारी पडत, तीन-चार दिवसांनी ताप उतरे, आईबाप सुटकेचा श्वास टाकत, आणि नेमकं तेव्हाच मूल गार पडे, नाडी लागेनाशी होई. बँकॉकच्या त्या साथीत दहा मुलांमागे साधारण एक मूल गेलं.

याचा उलगडा करण्यात स्कॉट हॉल्स्टेड यांचा वाटा मोठा. साठीच्या दशकात बँकॉकमध्ये काम करताना त्यांना दिसलं की धोक्यात सापडणारी मुलं बहुतेक दुसऱ्यांदा डेंग्यू झालेली असतात. पहिल्या डेंग्यूत तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, दुसऱ्या प्रकारच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करत नाहीत. उलट पेशीत शिरायला त्याला वाट करून देतात. पहिल्यांदाच आजारी पडलेली तान्ही बाळंही गंभीर होत होती, कारण त्यांच्या अंगात आईकडून आलेली प्रतिपिंडं होती. क्युबाने याचा फार जड पुरावा दिला. तिथे १९७७ मध्ये पहिल्या प्रकारची साथ आली आणि १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकारची. त्या दुसऱ्या साथीत ३,४४,२०३ रुग्ण झाले आणि १५८ माणसं गेली, त्यातली १०१ मुलं होती.

उपचारांचा पाया बँकॉकच्या बाल रुग्णालयात घातला गेला. डॉ. सुचित्रा निम्मान्नित्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या खाटेशी बसून, तासातासाला नोंदी घेऊन या आजाराचं वेळापत्रक मांडलं. आधी तापाचे दिवस. मग साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरताना, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास धोक्याचे : या काळात रक्तद्रव छातीत-पोटात झिरपतो, रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. त्यानंतर झिरपलेलं पाणी शरीर आपणहून परत ओढून घेतं. म्हणून सलाइन द्यायचं ते मोजून. धोक्याच्या तासांत कमी पडलं तर रुग्ण शॉकमध्ये जातो, आणि पाणी परतू लागल्यावरही देत राहिलं तर ते फुप्फुसात भरतं. हे मोजमाप सांगतो तो हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट झालं ते दाखवणारा, रिपोर्टवर पीसीव्ही म्हणून छापलेला आकडा. नातलगांनी एक आकडा विचारायचाच असेल, तर प्लेटलेटच्या आधी हा विचारावा. वेळेवर आणि नेमकी काळजी घेतली तर गंभीर डेंग्यूतलंही मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाच्या खाली येतं. न घेतल्यास ते शेकडा वीसपर्यंत जाऊ शकतं. एवढा फरक पाडणारं औषध म्हणजे साधं सलाइन आणि जागी असलेली परिचारिका.

विषाणूवर थेट चालणारं सिद्ध औषध अजून नाही. तापाला पॅरासिटामॉल, तेही बेताने. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळायचं, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरल्यावर पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, गळून जाणं किंवा अस्वस्थ तळमळ यातलं काहीही दिसलं तर दवाखाना गाठायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये आजाराची वर्गवारी बदलली, तीही अशा धोक्याच्या खुणांवर बेतून. प्लेटलेटचं म्हणाल तर सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांत ३७२ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी, पण रक्तस्राव नाही, अशा रुग्णांना बाहेरून प्लेटलेट दिल्या तरी रक्तस्राव टळला नाही. उलट त्रास झालेल्यांची संख्या वाढली. रक्तपेढीबाहेर रात्र काढणाऱ्या त्या मामाला हे कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं.

भारतात विषाणूची खातरजमा होऊन नोंदलेली पहिली मोठी साथ १९६३-६४ ची, कोलकात्यापासून पूर्व किनाऱ्यावर पसरलेली. त्याआधीच, १९५२ मध्ये, रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभं राहिलं होतं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत डेंग्यूची प्रतिपिंडं तपासणारे संच तिथूनच जातात. देश खऱ्या अर्थाने हादरला तो १९९६ मध्ये, दिल्लीत. १०,२५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू. नंतर हा आजार शहरांपुरता राहिला नाही. प्लास्टिकच्या टाक्या, सिमेंटचे हौद, टायर आणि बांधकामं जिकडे गेली तिकडे तो गेला. २०२३ मध्ये देशात २,८९,२३५ रुग्णांची नोंद झाली.

डासांशी लढणं शक्य आहे, हेही याच इतिहासात आहे. फ्रेड सोपर यांनी ब्राझीलमध्ये शिपायाच्या शिस्तीने घर अन् घर तपासणारी माणसं उभी केली आणि १९५८ मध्ये तो देश एडिस इजिप्तीपासून मुक्त जाहीर झाला. मग निधी आटला, तपासणी सैल पडली आणि दहा वर्षांच्या आत डास परतला. त्याच ब्राझीलमध्ये २०२४ साली साठ लाखांहून अधिक रुग्ण झाले. मुंबईलाही अशा कामाची जुनी परंपरा आहे, ती हिवतापाच्या निमित्ताने. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या हिवतापाचं मूळ घरगुती विहिरींमध्ये दाखवलं आणि विहिरी झाकण्या-बुजवण्यावरून बराच वाद झाला, कारण त्यांच्याशी लोकांच्या श्रद्धा जोडलेल्या होत्या. आजही पालिकेचा कीटकनाशक विभाग गच्चीवरच्या टाक्यांत वाकून बघतो आणि अळ्या सापडल्या तर १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातल्या कलम ३८१ खाली नोटीस देतो. लोकांना मात्र धूर सोडणारी गाडी आली की काम झाल्यासारखं वाटतं. धुराने उडते डास मरतात. पिंपातल्या अळ्यांना त्याने काही होत नाही.

लशीची वाट हॉल्स्टेड यांच्या निरीक्षणानेच अवघड केली. चारही प्रकारांपासून सारखं संरक्षण न देणारी लस स्वतःच 'पहिला डेंग्यू' ठरू शकते. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस दिली गेली. ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांच्यात ती गंभीर आजाराचा धोका वाढवते, हे नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झालं. त्या देशात लोकांचा सगळ्याच लसीकरणावरचा विश्वास ढासळला. नंतर आलेल्या क्यूडेंगा या लशीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०२४ मध्ये मिळाली. भारतात पॅनेशिया बायोटेक आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी एका मात्रेच्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू केली; तिची आखणी दहा हजारांहून अधिक प्रौढांवरची आहे. इंडोनेशियातल्या योग्यकर्तामध्ये वोल्बाकिया हा, डेंग्यूच्या विषाणूला डासाच्या शरीरात वाढू न देणारा जिवाणू अंगात असलेले डास सोडून डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटवता आला. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्राने असे डास तयार केले आहेत.

हे सगळं आपल्या दारी पोचेपर्यंत रांजण-पिंपांचंच काम उरतं, आणि ते सगळ्यांना सारखं सोपं नाही. चोवीस तास नळ असलेल्या घराने कोरडा दिवस पाळणं आणि टँकरची वाट पाहणाऱ्या गावाने पाळणं यात फार अंतर आहे. जिथे आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तिथल्या बाईला हौद ओतून दे म्हणणं म्हणजे तिने डोक्यावरून वाहून आणलेल्या हंड्यांवर पाणी सोडायला सांगणं. आशा सेविकांना हे पुरतं ठाऊक असतं. अशा घरी त्या हौद ओतायला सांगत नाहीत. तोंडाला घट्ट कापड बांधून देतात, वापरायच्या पाण्यात ॲबेट हे अळ्या मारणारं औषध टाकतात, आणि मोठ्या हौदात पिशवीतून आणलेले चार गप्पी मासे सोडून पुढच्या घराकडे वळतात.